जोडगोळीतील ‘आणि’

पोटाच्या विकारांवर सर्रास दिल्या जाणाऱ्या जोडगोळीचे समर्थन ‘मिश्र संसर्ग’ या शब्दाने केले जाते. नॉरफ्लॉक्सासिन ४०० मिलिग्रॅम व टिनिडाझोल ६०० मिलिग्रॅम यांची गोळी हे तिचे परिचित उदाहरण होय. पहिले द्रव्य जिवाणूंवर चालते. दुसरे अमीबा, जिआर्डिया या आदिजीवांवर. रोग्याच्या आतड्यात दोन्ही असतील तर दोन्ही औषधे हवीत, हा युक्तिवाद वरवर निर्दोष भासतो. वस्तुतः वैद्यापुढील शंका ‘जिवाणू आणि अमीबा’ अशी क्वचितच असते. ती ‘जिवाणू किंवा अमीबा’ अशी असते. पुष्कळदा तर दोहोंपैकी एकही नसतो, कारण तीव्र अतिसार बहुधा विषाणुजन्य वा आपोआप ओसरणारा असतो. निदानातील ‘किंवा’ गोळीत ‘आणि’ होऊन बसतो, हा या जोडीचा मूळ दोष.

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे सोलापूर–वाडी लोहमार्गावरील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे बाजारगाव. अशा ठिकाणी प्रयोगशाळेपूर्वी रोग्याची भाषाच निदानास साहाय्य करते. ‘जुलाब होतात’, ‘आव पडते’ आणि ‘रक्ती आव’ ही मराठीतील तीन निरनिराळी विधाने आहेत. पाण्यासारख्या जुलाबास प्रथम मीठ-साखरेचे द्रावण हवे, बालकांस त्याजबरोबर जस्त. रक्ती आवेत शिगेला जिवाणूचा संशय आधी घ्यावा लागतो, आणि त्यावर नॉरफ्लॉक्सासिनच्या वर्गातील औषधे भारतात बऱ्याच अंशी निष्प्रभ ठरली आहेत. बोलीने जपलेला हा भेद जोडगोळी पुसून टाकते.

अमीबाच्या बाबतीतही ती अपुरीच पडते. आतड्याच्या अमीबाजन्य विकारात प्रौढास टिनिडाझोल दिवसातून एकदा २ ग्रॅम, असे तीन दिवस द्यावयाचे असते. ही गोळी दिवसातून दोनदा घेतली तरी १.२ ग्रॅमच भरतात. शिवाय आतड्याच्या पोकळीत उरलेल्या अमीबांसाठी डायलोक्झनाइड फ्युरोएट निराळे द्यावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली अमीबा दिसला म्हणून शंका मिटते असेही नाही. रोगकारक एन्टअमीबा हिस्टोलिटिका व निरुपद्रवी एन्टअमीबा डिस्पार यांचे कोष्ठ सारखेच दिसतात.

मिश्र संसर्ग ही केवळ कल्पना आहे, असे मात्र नव्हे. फुटलेले आंत्रपुच्छ किंवा ओटीपोटातील पू यांत प्राणवायूत वाढणारे आणि त्याविना वाढणारे जिवाणू एकत्र असतात. तेथे या दोन वर्गांची औषधे जोडीने देणे सशास्त्र आहे. पण ती आपापल्या मात्रेत, वेगवेगळी दिली जातात, आणि तेथील दुसरा शत्रू जिवाणूच असतो, आदिजीव नव्हे. सल्फामेथॉक्साझोल व ट्रायमेथोप्रिम यांची जुनी जोडी याहून निराळी होती. एकाच जीवरासायनिक साखळीच्या लागोपाठच्या दोन पायऱ्या ती अडवीत असे. तेथील ‘आणि’ला अर्थ होता.

प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीच्या शिफारशींवरून केंद्र शासनाने १० मार्च २०१६ रोजी ३४४ औषधमिश्रणांवर बंदी घातली. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा तज्ज्ञांकडे धाडल्यानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणे बंद झाली. एखादी जोडी यादीत आहे की नाही, हा विधीचा प्रश्न. ती सशास्त्र आहे काय, हा वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रतिजैविकांच्या ज्या मिश्रणांची शिफारस करता येत नाही म्हणून नोंद केली, त्यांत नॉरफ्लॉक्सासिन व टिनिडाझोल ही जोडीही आहे.