न्यायसभेतील वल्ली

न्यायालयात शिरताना मनुष्याला आपले अर्धेअधिक व्यक्तित्व उंबरठ्याबाहेर ठेवावे लागते. आत तो वादी असतो, प्रतिवादी असतो, साक्षीदार असतो. फार तर पक्षकार असतो. त्याला रात्री झोप लागते की नाही, त्याचा जीव कोणावर जडला आहे, या गोष्टी तेथे अप्रस्तुत ठरतात. असे असूनही न्यायालयावर बेतलेल्या ज्या दूरचित्रवाणी-मालिका रसिकांच्या मनात घर करून राहिल्या, त्यांतील खटले विसरले जातात आणि विक्षिप्त माणसे तेवढी स्मरणात उरतात, हे कसे? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे 'बॉस्टन लीगल' या अमेरिकन मालिकेच्या आधारे करू इच्छितो.

ही मालिका 2004 ते 2008 या काळात पाच पर्वांत आणि 101 भागांत प्रक्षेपित झाली. तिचे जनक डेव्हिड केली हे स्वतः पूर्वाश्रमीचे वकील. बॉस्टन शहरातील एका बड्या वकिली पेढीचा कारभार हा तिचा विषय, आणि त्या पेढीत जमलेले वल्ली हे तिचे खरे भांडवल. 'वल्ली' हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहोत. पु. ल. देशपांडे यांच्या 1962 च्या पुस्तकाने या शब्दाला जी प्रतिष्ठा दिली, तिच्यात उपहासाहून जिव्हाळा अधिक आहे. वेडा तो नव्हे, शहाणाही नव्हे. जगाच्या साच्यात ज्याचा एखादा कोपरा बसत नाही, आणि तो कोपरा घासून घ्यायला जो तयार नाही, तो वल्ली.

पेढीचा संस्थापक डेनी क्रेन हा अशांचा मुकुटमणी. विल्यम शॅट्नर यांनी रंगविलेला हा वृद्ध वकील बंदुकांचा शौकीन आहे, स्त्रीलंपट आहे, आणि प्रसंग असो वा नसो, स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारण्याची त्याला खोड आहे. प्रथम आपण त्या खोडीला हसतो. पुढे हळूहळू कळते की, या माणसाची स्मृती क्षीण होत चालली आहे. मग त्याच उच्चाराचा अर्थ पालटतो. जे आत्मप्रौढीचे वाटले, ते बुडणाऱ्याने काठावरची मुळी धरून ठेवण्यासारखे आहे, हे ध्यानात येते. लकब तीच, शब्द तेच. मात्र हसू घशात अडते. विक्षिप्तपणा हा स्वभावावर चिकटविलेला अलंकार नसून एखाद्या जखमेवरची खपली असू शकतो, हे मालिकेने येथे फार संयमाने दाखविले आहे.

त्याचा मित्र अ‍ॅलन शोर (जेम्स स्पेडर) हा सर्व बाबतींत त्याच्या विरुद्ध टोकाचा. एकाचे राजकारण उजवे, दुसऱ्याचे डावे. एकाचा युद्धावर विश्वास, दुसऱ्याचा युद्धाविरुद्ध तासभर बोलण्याचा हव्यास. अ‍ॅलनला रात्री भयस्वप्ने पडतात, आणि तेव्हा सोबतीला हा वृद्ध मित्र असतो. दिवसभराचा वाद आटोपल्यावर हे दोघे कचेरीच्या सज्जात बसून चिरूट ओढतात, मद्याचे घोट घेतात आणि बोलतात. बहुतेक भाग तेथेच संपतात. न्यायासनासमोर केलेली भाषणे कितीही जोरकस असोत, प्रेक्षक वाट पाहतो ती या सज्जाची. कारण तेथे कोणाला काही सिद्ध करावयाचे नसते.

आमच्या नाट्यपरंपरेला ही जोडी अपरिचित नाही. संस्कृत नाटकातील नायक विदूषकाला 'वयस्य' म्हणून हाक मारतो, आणि शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त तर हे सख्य प्रत्यक्ष न्यायसभेत जाऊन पोचते. चारुदत्तावर वसंतसेनेच्या हत्येचा आळ आला आहे. तिने मुलाच्या खेळण्यासाठी प्रेमाने दिलेले दागिने परत करण्यास मैत्रेय निघालेला असतो. मित्रावरचे संकट ऐकून तो तसाच न्यायसभेकडे धावतो, शकाराशी हमरीतुमरीवर येतो, आणि त्या झटापटीत ते दागिने त्याच्या अंगावरून खाली पडतात. तोच पुरावा होतो! मित्राच्या मायेने मित्राचा घात केला. न्यायसभेने दागिने पाहिले. ते आणणारा कोणत्या ओढीने धावत आला, हे पाहण्याची सोय तिच्यापाशी नव्हती.

याच्या उलट चित्र पाहावयाचे असल्यास विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' पाहावे. तेथेही खोटे-खोटे न्यायालय आहे आणि वल्लींची वाण नाही. कान कोरणारे काशीकर आहेत, वकिली न चाललेले सुखात्मे आहेत. पण या मंडळींत सहवास आहे, सख्य नाही. म्हणून खेळ म्हणून मांडलेला खटला बेणारेबाईंची शिकार होऊन बसतो. विक्षिप्तपणा स्वतः निरागस नसतो; त्याला मैत्रीचा ओलावा नसेल, तर तो क्रौर्याच्या कामी सहज येतो. 'बॉस्टन लीगल' तेथवर घसरत नाही, याचे श्रेय तिच्या विनोदाला नव्हे, त्या सज्जाला आहे.

मात्र आमचा एक आक्षेप आहे, आणि तो किरकोळ नाही. डेनीची लंपटता मालिकेने गंमत म्हणून खपविली आहे. तिचा ताप सोसणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला बहुधा एखादे चटकदार उत्तर तेवढे येते. हेच वर्तन एखाद्या कारकुनाने केले असते, तर तो दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आला असता. त्याच पेढीत जेरी एस्पेन्सन नावाचा एक अत्यंत बुद्धिमान वकील आहे. हात मांड्यांशी घट्ट धरून तो चालतो, लोकांच्या नजरेला नजर देणे त्याला जड जाते. त्याला भागीदारी नाकारली जाते, आणि तो इतका कोसळतो की भागीदार शर्ली श्मिट हिच्या गळ्याला सुरी लावतो. संस्थापकाचा विक्षिप्तपणा ती मोहिनी. आश्रिताचा विक्षिप्तपणा ती अपात्रता! मालिकेला हा भेद दिसतो, जेरीच्या पाठीशी ती अ‍ॅलनला उभेही करते. पण डेनीकडे वळताच तो भेद ती सोयीस्करपणे विसरते.

कोणाचा वेगळेपणा क्षम्य आणि कोणाचा दंडनीय, हा प्रश्न आम्हां कुंभकोणकरांना दूरचा नाही. पुण्यामुंबईच्या कानाला आमची तंजावरी मराठीच मुळी वल्ली वाटते. येथून जवळच तिरुविशनल्लूर आहे. तंजावरच्या शहाजी राजांनी 1693 मध्ये हे गाव पंडितांना अग्रहार म्हणून दिले. तेथील श्रीधर वेंकटेश अय्यावाळ यांची कथा या भागात सर्वांस ठाऊक आहे. श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी दारी आलेल्या एका भुकेल्या अंत्यजाला वाढले. पंडितांनी त्यांना दोषी ठरवून गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले. तेव्हा गंगाच त्यांच्या घरच्या विहिरीतून उसळली, अशी श्रद्धा आहे. कार्तिक अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करण्यास आजही लोक लोटतात. निर्णय देणाऱ्यांची नावे लोकांनी विसरून टाकली आणि अपराध्याचे नाव जपले. गोविंदपुरमचे बोधेंद्र सरस्वती आणि अय्यावाळ यांचे सख्यही परंपरेने त्या कथेइतक्याच प्रेमाने सांगितले आहे.

मालिकेचा शेवट या दृष्टीने पाहावा. मॅसॅच्युसेट्स राज्यात 2004 पासून समलिंगी विवाहास कायद्याची मान्यता आहे. तिचा आधार घेऊन अखेरच्या भागात डेनी अ‍ॅलनला विवाहाची मागणी घालतो. दोघांत प्रणय नाही. आपली बुद्धी पुरती मावळेल त्या दिवशी औषधोपचाराचा निर्णय मित्राने घ्यावा आणि आपली मालमत्ता त्याच्याकडे जावी, एवढीच त्या वृद्धाची इच्छा. अनेकांना हा प्रसंग थट्टेचा वाटला. आम्हांस तो संपूर्ण मालिकेतील सर्वांत गंभीर युक्तिवाद वाटतो. कायद्याला पती कळतो, वारस कळतो, पालक कळतो; मित्र हे नाते त्याच्या वहीत नाही. भारतात 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला नातेवाइकाबाहेरील व्यक्तीसही आपला प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली, हे एक लहानसे पण मोलाचे पाऊल होय. परंतु नेमणूक झालेली नसेल, तर मित्र बाहेरच्या बाकावरच बसून राहतो.

दोन वकील, ज्यांचे आयुष्य कायद्याच्या फटी शोधण्यात गेले, ते शेवटी आपल्या मैत्रीसाठी अशीच एक फट शोधतात. मैत्रेयाला ती सापडली नव्हती. तो दागिने घेऊन धावत आला, आणि न्यायसभेने त्याचे नाते विचारलेच नाही.