भाषांतरयंत्र आणि माडिया मुलूख : एक परीक्षण

हातात मावणारे आणि एका भाषेतील बोलणे दुसरीत ऐकविणारे यंत्र ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. जपानात ‘पॉकेटॉक’सारखी उपकरणे २०१७ पासून विकली जात आहेत, आपल्याकडे हेच काम भ्रमणध्वनीवरील योजनांकडे आले आहे. केंद्र शासनाची ‘भाषिणी’ ही योजना २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा मुख्य भर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांवर आहे, आणि गोंडी त्या अनुसूचीत नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी जी मातृभाषा म्हणून नोंदविली, त्या गोंडीला शासकीय यंत्रात स्थान मिळाले ते २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, आदिवासी कार्य मंत्रालयाच्या ‘आदिवाणी’ या उपक्रमामुळे. संताळी, भिली, मुंडारी व गोंडी या चार भाषांपासून त्याचा आरंभ झाला. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या दृष्टीने या उपक्रमाचे मोल काय, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

त्याचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. या जंगलमुलखात सरकारी कचेरी आणि गाव यांच्यामध्ये आजवर नेहमी दुभाष्या उभा राहिला. तो जे सांगेल ते कचेरीने ऐकावे, आणि तो जे गाळील ते कोणालाच कळू नये, अशी ही व्यवस्था होती. यंत्रामुळे दुभाष्याची ही मक्तेदारी काही अंशी जरी मोडली, तरी तो लहान लाभ नव्हे.

तथापि, येथे पहिला प्रश्न उपस्थित होतो तो हा की, ही गोंडी कोणाची? गोंडी ही एकजिनसी भाषा नसून बोलींची एक लांबलचक साखळी आहे. शब्दारंभीचा ‘स’ पश्चिमेकडील बोलींत टिकतो, पुढे त्याचा ‘ह’ होतो आणि माडियात तो लोप पावतो, हे द्राविड भाषाशास्त्रात सुविदित आहे. मिठाला कोठे ‘सोवर’, कोठे ‘होवर’, तर माडियात ‘ओवर’ म्हणतात. यंत्राचे ज्ञान त्यास पुरविलेल्या नमुन्यांपलीकडे फारसे जात नाही. आदिवाणीच्या निर्मितीत ज्या राज्यांच्या आदिवासी संशोधन संस्थांचा सहभाग जाहीर झाला, त्यांत झारखंड, ओडिशा, मध्य प्रदेश, छत्तीसगड व मेघालय ही राज्ये आहेत, महाराष्ट्र नाही. तेव्हा भामरागड वा एटापल्ली येथील माडिया माणसाने आपले बोलणे या यंत्रात सहज ओळखले जाईल असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल.

दुसरा आक्षेप याहून मूलगामी आहे. यंत्राच्या या बाजूस हिंदी व इंग्रजी आहेत, मराठी नाही. गडचिरोलीतील तलाठी, परिचारिका व शिक्षक यांचा व्यवहार मात्र मराठीत चालतो. म्हणजे मराठी वाक्य हिंदीतून फिरून गोंडीत जावयाचे. या वळशात काय गळते, ते एका सर्वनामावरून ध्यानात येईल. मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ असा भेद आहे. ऐकणारा समुदायात मोडतो की नाही, हे त्यातून कळते. असा भेद हे द्राविड भाषांचेही जुने लक्षण असून गोंडीच्या अनेक बोलींत तो आढळतो. हिंदीतील ‘हम’ व इंग्रजीतील तत्सम सर्वनाम यांना तो ठाऊक नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची प्रसिद्ध घोषणा. तिच्यातील ‘आम्ही’ ऐकणाऱ्या अधिकाऱ्यास बाहेर ठेवते, आणि घोषणेचा सगळा आशय त्या बाहेर ठेवण्यात आहे. दोन्ही काठांवर असलेला भेद मधल्या पुलावर पुसला जावा, ही गोष्ट केवळ व्याकरणाची म्हणून सोडून देता येत नाही. जंगल कोणाचे या वादात तिच्यावर निर्णय अवलंबून राहू शकतो.

तिसरा मुद्दा श्रमाच्या वाटणीचा आहे. हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया भाषा शिकून घेतली. येथे शिकण्याचा भार ज्याच्या हाती औषध होते त्याने उचलला, आणि रोग्याला आपल्या भाषेत दुखणे सांगता आले. एरवी या मुलखात हा भार बहुधा आदिवासी मुलावर पडतो. शाळेच्या पहिल्या दिवशी त्याला परकी भाषा भेटते. मोहगाव येथील ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली, ती याच परिस्थितीला उत्तर म्हणून. यंत्र हाती येताच अधिकारी व शिक्षक यांना भाषा शिकण्याचे कारण उरणार नाही, आणि ‘यंत्र आहे ना’ या उत्तरापुढे गोंडी शिक्षकाची मागणी मागे पडेल, ही भीती निराधार म्हणता येत नाही.

असे असले तरी यंत्र नाकारावे, असा निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही. त्याची कसोटी मात्र बदलली पाहिजे. शासनाची सूचना गावापर्यंत किती शुद्ध पोहोचली, यावर आज त्याचे यश मोजले जाण्याचा संभव आहे. माडिया स्त्रीची तक्रार तिच्या शब्दांत कचेरीपर्यंत किती पोहोचली, यावर ते मोजले जावे. त्यासाठी मराठी व माडिया यांच्या थेट जोड्या ग्रामसभांच्या संमतीने गावोगाव नोंदवून घेणे आवश्यक आहे, आणि त्या बोलीची ओळख जिथल्या तिथे तपासणे त्याहून आवश्यक आहे. हे काम परराज्यातील अभियंते आपणासाठी करतील, अशी अपेक्षा बाळगणे गैर होय. मराठीच्या विद्यापीठीय विभागांनी शेजारच्या भाषेकडे आजवर लोकसाहित्याचे भांडार म्हणून पाहिले. तिच्याशी बोलावयाची भाषा म्हणून पाहण्याची वेळ आता आली आहे.