बुरूज बांधण्यापूर्वी

लूकलिखित शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू श्रोत्यांना एका साध्या व्यवहाराची आठवण करून देतो. बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. तो न घेतल्यास पाया घातल्यावर काम अडते आणि येणारेजाणारे त्याची थट्टा करतात. हा दाखला आपण पाचारणाच्या आणि विवाहाच्या संदर्भात अनेकदा ऐकलेला आहे. एका मोबाइलवरील खेळासाठी तो काढावा लागेल, असे मात्र आम्हांस कधी वाटले नव्हते.

निमित्त घडले ते असे. भंडाऱ्यातील आमच्या परिचयाच्या कुटुंबातील एक मुलगा अकरावीत शिकतो. रविवारी मिस्सेनंतर त्याने विचारले, ‘‘काका, तुम्ही पुस्तकांवर लिहिता. एका खेळाबद्दल सांगाल का? सुरू करू की नको?’’ खेळाचे नाव ‘गेन्शिन इम्पॅक्ट’. त्याचा थोरला भाऊ अबूधाबीत नोकरीस आहे आणि तो हा खेळ खेळतो. ‘‘दादा म्हणतो, तूपण ये. पैसे लागत नाहीत.’’

‘पैसे लागत नाहीत’ या तीन शब्दांनी आम्ही सावध झालो. परंतु न वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय देऊ नये, हा नियम खेळासही लागू असावा. म्हणून पावसाळ्याचे चार महिने आम्ही हा खेळ स्वतः खेळून पाहिला. त्या अनुभवाचा हा जमाखर्च.

शांघायच्या मिहोयो या संस्थेने हा खेळ २८ सप्टेंबर २०२० रोजी जगभर खुला केला. एक प्रवासी आणि त्याचे जुळे भावंड यांची एका अनोळखी देवतेमुळे ताटातूट होते आणि हरवलेल्या भावंडाच्या शोधात प्रवासी तेवात नावाच्या भूमीत हिंडू लागतो, हे कथेचे बीज. या भूमीत सात राष्ट्रे आहेत आणि प्रत्येकाचा एक देव आहे. मॉन्डश्टाट हे पहिले नगर युरोपीय धाटणीचे, लियुए चीनच्या पर्वतरांगांची आठवण देणारे, तर इनाझुमा जपानी वळणाचे. चेन यूपेंग यांनी रचलेले आणि लंडन फिलहार्मोनिकसारख्या वाद्यवृंदाने वाजवलेले संगीत हे या कृतीचे निर्विवाद वैभव आहे. डोंगरमाथ्यावर चढून नुसते उभे राहावे, वारा ऐकावा आणि काहीही करू नये, असे क्षण येथे लाभतात. ज्या कृतीत असे क्षण आहेत तिला केवळ वेळकाढूपणा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. संवाद पाल्हाळिक आहेत. पायमोन नावाची चिमुकली सोबतीण, नुकतेच कोणी सांगितलेले पुन्हा सांगते. संहिता अनेक भाषांत उपलब्ध असली तरी त्यांत मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजी न रुळलेल्या मुलाला कथेचा निम्मा रस पारखा होतो.

आपल्या वाचकांपैकी काही पालकांना आणखी एक शंका येईल. मॉन्डश्टाटच्या माथ्यावर कॅथेड्रल आहे. तेथे भजने गाऊन रुग्णांना बरे करणारी बार्बरा आहे, प्रार्थना चुकवून बाहेर राहणारी रोझारिया नावाची सिस्टर आहे. परंतु तेथील उपासना वाऱ्याच्या देवाची असून त्याचे बार्बाटोस हे नाव सतराव्या शतकातील एका मंत्रतंत्राच्या पोथीतील पिशाच्चांच्या यादीतून घेतलेले आहे. इतर काही देवांची गुप्त नावेही त्याच यादीशी जुळतात. आमच्या मते यात अधर्माच्या प्रचाराचा हेतू नाही, उसनवारीचा हव्यास आहे. वेदी आणि रंगीत काचा नेपथ्य म्हणून उचलल्या आणि त्यांचा अर्थ मागे ठेवला. मुलाला हा फरक समजावून सांगणे हे पालकांचे काम आहे. खेळ बंद केल्याने ते काम पार पडत नाही.

खरा विचार करायला लावते ते पाचवे राष्ट्र, फाँतेन. त्याचे कथानक २०२३च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने प्रकट झाले. या न्यायप्रिय देशातील प्रत्येक माणूस जन्मतःच एका पापाचा वारस आहे आणि एके दिवशी समुद्र चढून सर्वजण त्यात विरघळतील, असे भाकीत आहे. सिंहासनावर फुरीना नावाची देवता आहे. ती नाटकी, बडबडी आणि काहीशी हास्यास्पद वाटते. शेवटी उलगडते ते असे की ती देवता नाहीच. खऱ्या देवतेने, फोकॅलोर्सने, आपले मनुष्यत्व आपल्यापासून वेगळे केले, तीच फुरीना. प्रजा वाचावी म्हणून तिने ५०० वर्षे एकटीने देवत्वाचे सोंग वठवले आणि रहस्य कोणालाही सांगितले नाही. पडद्याआड खुद्द फोकॅलोर्स स्वतःचा देहदंड सिद्ध करीत होती. तिच्या मृत्यूने बळकावलेली सत्ता मूळ धन्याकडे, मुख्य न्यायाधीश न्यूविलेटकडे परत जाते आणि तो प्रजेला पापमुक्त करतो.

मूळ पाप, मनुष्यरूप, दुसऱ्यांसाठी पत्करलेले मरण ही सामग्री ख्रिस्ती वाचकास परकी नाही. म्हणूनच फरक नीट पाहावा. येथील पाप हे खरोखर पाप नव्हे. पूर्वीच्या देवतेने नियम मोडून प्रजेला माणूसपण दिले, त्याचे ते ओझे आहे. प्रजेला पश्चात्ताप करण्यासारखे काही नाही, म्हणून क्षमा हा येथे हृदयपालट न राहता कायद्यातून काढलेली वाट ठरतो. आणि मरणानंतर पुनरुत्थान नाही. तरीही फुरीनाच्या एकाकीपणाचे चित्रण आम्हांस हलवून गेले. आपल्या मुखवट्याआड रोज रडणारी आणि सकाळी पुन्हा सभेत उभी राहणारी माणसे आपल्या घरांतही असतात. खेळाने हे दाखवावे याचे नवल वाटले आणि समाधानही.

आता हिशेबाची दुसरी बाजू. ज्या नोव्हेंबरमध्ये फुरीनाचे दुःख उलगडले, त्याच नोव्हेंबरमध्ये तीच फुरीना सोडतीत मांडली गेली. या खेळात नवी पात्रे मिळवण्याचा मुख्य मार्ग सोडत हा आहे. श्रेष्ठ प्रतीचे पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के, म्हणजे हजार चिठ्ठ्यांत सहा. ९० चिठ्ठ्यांत एक श्रेष्ठ पात्र मिळण्याची हमी आहे, पण ते आपल्याला हवे तेच असेल असे नाही. हवे ते निश्चित मिळण्यासाठी वाईटात वाईट स्थितीत १८० चिठ्ठ्या लागतात. प्रत्येक चिठ्ठीस १६० रत्ने, म्हणजे एकूण २८,८०० रत्ने. रोजची नेमून दिलेली कामे केल्यास दिवसाला ६० रत्ने मिळतात. केवळ त्यांवर विसंबले तर ४८० दिवस. उत्सव, भटकंती आणि कथानक यांतूनही रत्ने मिळत असल्याने प्रत्यक्षात मुदत कमी होते, परंतु सोडतीतील फलक साधारण तीन आठवड्यांनी बदलतो आणि हवे ते पात्र पुन्हा कधी येईल ते सांगितले जात नाही. तेथे थैली उघडते. सुमारे १०० डॉलरच्या सर्वांत मोठ्या खरेदीत ८,०८० रत्ने मिळतात, म्हणजे ५० चिठ्ठ्या. १८० चिठ्ठ्यांची पूर्ण किंमत साडेतीनशे डॉलरांहून अधिक, आपल्या चलनात तीस हजार रुपयांच्या घरात जाते.

आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. कथा ज्या करुणेस आवाहन करते, तीच करुणा बाजारात गिऱ्हाईक होऊन उभी राहते. डोळे पुसण्याआधी दुकानाची फळी उघडते. कादंबरीकार आपल्याला पात्राविषयी जिव्हाळा वाटावा म्हणून झटतो. तो जिव्हाळा निर्माण झाल्यावर पात्राचे दर्शन सोडतीवर विकत नाही.

हा आक्षेप केवळ आमचा नव्हे. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या खेळाच्या वितरकांशी तडजोड केली. तीनुसार त्यांना २ कोटी डॉलर भरावे लागले आणि सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवाचून अशा सोडती विकण्यास बंदी झाली. बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे घेऊन चालणाऱ्या सोडतपेट्या जुगारात मोडतात असे ठरवले होते. आपल्याकडील २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे. येथे जिंकलेल्या पात्राचे पैसे होत नाहीत, म्हणून हा खेळ त्या रोखाबाहेर राहतो. तेव्हा विवेकाचे काम घरातच करावे लागणार.

त्यासाठी मार्गदर्शक दूर नाहीत. नागपूरच्या आपल्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी भक्तिमय जीवनावरील आपल्या ग्रंथात (१६०९) खेळांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली. विरंगुळा त्यांना वर्ज्य नाही, उलट तो आवश्यक वाटतो. फासे आणि पत्ते मात्र ते नाकारतात, कारण तेथील जीत कौशल्याचे फळ नसून दैवाचे असते आणि खेळून मन विसावण्याऐवजी अधिकच ताणले जाते. ही कसोटी लावली असता गेन्शिनचे दोन तुकडे पडतात. डोंगर चढणे, कोडी सोडवणे, शत्रूची चाल ओळखणे, कथा ऐकणे हे संतांच्या अनुमत बाजूस येते. सोडत दुसऱ्या बाजूस. एक गोष्ट खेळाच्या बाजूने सांगितली पाहिजे. मुख्य कथा विकत घेतलेल्या पात्रांवाचून, फुकट मिळणाऱ्या सोबत्यांच्या बळावर पूर्ण करता येते. म्हणजे चांगला तुकडा खरोखरच विनामूल्य आहे.

विनामूल्य, पण वेळेचे काय? बक्षिसे घेण्यासाठी लागणारी शक्ती दर आठ मिनिटांनी एक या गतीने भरते आणि २०० वर थांबते. म्हणजे सव्वीस तास चाळीस मिनिटांनी भांडे भरून वाहू लागते. खेळाडूने रोज एकदा यावे, अशी ही घंटा आहे. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातील गावोगावी मंडई भरते. रात्रभर दंडार रंगते, तिकीट नसते, मुले पाळण्यात बसतात, कोणी चक्रीवर दहा-वीस रुपये हरतो. पण पहाट होते, ढोलकी थांबते आणि माणसे घरी जाऊन धानाच्या कापणीस लागतात. या खेळाला पहाट नाही. ती खेळणाऱ्यानेच ठरवावी लागते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी गौरवलेले कार्लो अकुतीस यांनी व्हिडिओ खेळासाठी आठवड्यातून एकच तास राखून ठेवला होता, असे सांगितले जाते. पंधरा वर्षांच्या मुलाने आपली पहाट आपण ठरवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

येथवर आल्यावर आम्ही मुलास पुन्हा बोलावले आणि विचारले, ‘‘तुला खेळ हवा आहे की दादा?’’ तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘फोनवर दादा विचारतो, जेवला का. मी म्हणतो, हो. मग तो म्हणतो, आईला दे.’’

हा मुद्दा आमच्या जमाखर्चात नव्हता. आपल्या कुटुंबांतील भावाभावांना बोलता येत नाही. त्यांना एकत्र काहीतरी करता येते. पूर्वी ते वैनगंगेवर पोहत, पतंग उडवत, सायकलची साखळी बसवत. दीड तासाच्या अंतरावरील घड्याळांत राहणाऱ्या दोघांना आज ते कोठे मिळणार? हरवलेल्या भावंडाच्या शोधाची ही कथा थोरल्याने धाकट्यास सुचवावी, यात त्याने काही न बोलता बरेच सांगितले असावे.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. कथेसाठी आणि भावासाठी हा खेळ सुरू करावा. पात्रांच्या संग्रहासाठी करू नये. सुरू करण्यापूर्वी भाऊ कोणत्या सर्व्हरवर आहे ते विचारावे. आशिया, युरोप, अमेरिका यांतील निवड प्रारंभीच करावी लागते, एका सर्व्हरवरील प्रगती दुसऱ्यावर नेता येत नाही आणि वेगळ्या सर्व्हरवरील दोघांना भेटताही येत नाही. दुसरे, साहसश्रेणी सोळापर्यंत पोहोचल्याखेरीज एकत्र खेळता येत नाही. तोवरचे दिवस एकट्याने काढावे लागतील आणि भेटल्यावरही मुख्य कथा प्रत्येकाला आपापलीच पाहावी लागते. तिसरे, मोबाइलला पैशांचे कोणतेही खाते जोडू नये. ‘पहिल्या खरेदीवर दुप्पट’ हे आमिष पहिल्या खरेदीपुरते नसते. चौथे, रोजच्या घंटेस उत्तर देऊ नये. शक्तीचे भांडे वाहून गेले तर जाऊ द्यावे, त्यात आपले काही नव्हते. आणि बारावीचे वर्ष लागताच मोबाइलमधील वीस जीबीहून अधिक जागा व्यापणारा हा पाहुणा निःसंकोच काढून टाकावा. खाते राहते, प्रगती राहते, परत येता येते.

मुलाने हे सारे वहीत लिहून घेतले. सर्व्हर विचारण्यासाठी त्याने भावास फोन लावला. आईने नंतर सांगितले, तो फोन चाळीस मिनिटे चालला आणि खेळ अजून उतरवूनही घेतलेला नव्हता.