शहा ते बार्सिलोना : एका ऋणानुबंधाचे वाचन

मराठी साहित्याने कर्णाला दोन नावांनी हाक मारली आहे. शिरवाडकरांनी आपल्या नाटकाचे नाव ‘कौंतेय’ ठेवले, तर रणजित देसाई यांनी आपल्या कादंबरीला ‘राधेय’ म्हटले. माणूस एकच, पण एका नावात जन्म देणारी आई आहे आणि दुसऱ्या नावात वाढविणारी. महाभारतातील कर्णाला या दोहोंतून एकीची निवड करणे भाग पडले आणि त्याने राधेचे ऋण शिरी धरले. ते त्याच्या थोरवीला साजेसेच झाले. परंतु दोन्ही मातांचे ऋण मान्य करून, एकीलाही न नाकारता जगता येते का, हा प्रश्न महाकाव्याने पुढच्या काळावर सोपविला. आशा मीरो यांचे आत्मकथन वाचताना तो प्रश्न मला पुन्हा आठवला. त्यांनी तो तत्त्वचर्चेच्या पातळीवर मांडलेला नाही. स्वतःच्या दोन प्रवासांतून मांडला आहे.

या लेखिकेचा परिचय आपल्याकडे फारसा नाही, म्हणून चार ओळी सांगणे आवश्यक आहे. आशा मीरो यांचा जन्म १९६७ साली नाशिक जिल्ह्यातील शहा या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. बालपणीची काही वर्षे मुंबईत ख्रिस्ती भगिनींनी चालविलेल्या अनाथालयात गेली. १९७४ मध्ये बार्सिलोना येथील मीरो दाम्पत्याने त्यांना आपल्या घरी नेले. तेथे त्या वाढल्या, संगीताच्या शिक्षिका झाल्या, पुढे दूरचित्रवाणीवरही दिसू लागल्या. १९९५ मध्ये त्या प्रथमच भारतात परतल्या. त्या प्रवासावरील पुस्तक २००३ मध्ये कॅटलान भाषेत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी दूरचित्रवाणीच्या चमूसह त्यांनी दुसरा प्रवास केला आणि त्यातून २००४ मध्ये दुसरे पुस्तक आले. ‘डॉटर ऑफ द गँजेस’ या नावाने २००६ मध्ये निघालेल्या इंग्रजी आवृत्तीत ही दोन्ही कथने एकत्र वाचावयास मिळतात. प्रस्तुत विवेचन त्या इंग्रजी रूपाच्या आधारे केले आहे.

पुस्तकाकडे वळण्यापूर्वी ‘दत्तक’ या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे; कारण आपण हा शब्द ज्या अर्थाने ऐकत आलो, त्याहून तो येथे निराळा आहे. आपल्या घराण्यांत दत्तकविधान होत असे ते घरासाठी. वंश खुंटू नये, पिंडदान थांबू नये, वतन आणि देव्हारा यांना वारस मिळावा, हा त्यामागील हेतू. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातीलच कवळाणे या गावचा गोपाळराव नावाचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला, तोही गादीला वारस हवा म्हणून. आपल्या पेडणे महालात पोर्तुगीज अंमल १७८८ मध्ये आला. पुढे लागू झालेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत दत्तकाला स्थान नव्हते. तरी हिंदूंच्या रूढींना मान्यता देणाऱ्या १८८० च्या फर्मानाने दत्तकाची प्रथा राखली. राज्य बदलले, संहिता बदलली, पण घराची गरज बदलली नाही. या साऱ्या व्यवहारात मुलाची गरज काय, हे विचारण्याची चाल नव्हती. मूल बहुधा भाऊबंदांतले असे; त्यामुळे आपण कोठून आलो हे त्याला ठाऊक असे आणि त्याचा जन्मदाता बाप लग्नकार्यात समोर पाटावर बसलेला दिसे.

आशा मीरो यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. येथे घराला वारस नको होता. मुलीला घर हवे होते. आणि ज्या क्षणी घर मिळाले, त्याच क्षणी मागचे सारे तुटले : गाव, भाषा, आप्त, नावामागचे नाव. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे माझी नजर आधी कागदाकडे जाते. १९७४ मध्ये परदेशी दाम्पत्याने भारतीय मूल दत्तक घ्यावे असा सर्वसाधारण कायदाच आपल्या देशात नव्हता. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालकत्व मिळवायचे, मूल परदेशी न्यायचे आणि दत्तकविधान तिकडच्या कायद्याने करायचे, अशी ती वाट होती. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात या व्यवहाराला शिस्त लावली ती १९८४ मध्ये. केंद्रीय दत्तक यंत्रणा उभी राहिली १९९० मध्ये. हेग येथील आंतरराष्ट्रीय कराराला भारताने मान्यता दिली २००३ मध्ये. म्हणजे शहाची ही मुलगी दूरदेशी गेली ती मुख्यतः माणसांच्या भरवशावर. अशा भरवशाच्या व्यवहारात एका बाजूला विलक्षण चांगुलपणा असू शकतो आणि दुसऱ्या बाजूला माहितीचा अंधार. या पुस्तकात दोन्ही आहेत.

पहिल्या भागाचा स्थायीभाव कृतज्ञतेचा आहे. वाढविणाऱ्या आईवडिलांविषयी, सांभाळणाऱ्या भगिनींविषयी, आपल्याला निवडणाऱ्या दैवाविषयी लेखिका भरभरून लिहितात. प्रांजळपणे सांगायचे तर आरंभी मला हा सूर किंचित गोड वाटला. परदेशी जाऊन सुस्थितीत वाढलेल्या व्यक्तीने मागे वळून आभार मानावेत आणि वाचकाने डोळे पुसावेत, असा एक ठराविक साचा या प्रकारच्या लेखनाला पडलेला आहे. त्या साच्यात दत्तक मुलाकडून एक अलिखित अपेक्षा असते, की त्याने जन्मभर उपकृत राहावे. इतर मुले आईवडिलांवर रुसतात, भांडतात, घर सोडून जातात आणि त्यांना कोणी कृतघ्न म्हणत नाही. दत्तक मुलाने मात्र ‘माझी पहिली आई कोण’ एवढे विचारले, तरी घरात शांतता पसरते. आपल्याकडे ‘पोसलेले पोर’ हा शब्द जेव्हा जेव्हा उच्चारला जातो, तेव्हा त्यात हिशेबाची वही उघडलेली असते.

मीरो यांचे पुस्तक या साच्यातून सुटते ते प्रामुख्याने एका योजनेमुळे. वाढविणाऱ्या आईने लिहून ठेवलेल्या रोजनिशीतील भाग त्यांनी आपल्या कथनात गुंफले आहेत. माझ्या मते पुस्तकाचा हा सर्वांत मोलाचा अंश आहे. घरी आलेल्या मुलीची नोंद ती आई करते, तेव्हा तिच्या लेखणीत दात्याचा अहंकार शोधूनही सापडत नाही. देणारी आपणच आहोत, असा तिचा समज नाही. आपल्यालाही काही मिळाले आहे हे तिला उमगलेले आहे. मुलगी मोठेपणी आभार मानते ते या रोजनिशीच्या शेजारी ठेवून वाचले की त्यांचा अर्थ बदलतो. आभाराची पावले दोन्ही दिशांनी चाललेली दिसतात. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे : ऋणानुबंध. ‘उपकार’ या शब्दात एक वर उभा असतो आणि एक खाली. ‘ऋणानुबंधा’त कोण कोणाचे देणे लागतो हे ठरविता येत नाही आणि ते ठरविण्याची घाईही नसते.

तथापि या आत्मकथनाचा खरा कस लागतो तो दुसऱ्या भागात. पहिल्या प्रवासात हाती आलेली माहिती अपुरी होती, काही ठिकाणी चुकीची होती, हे लेखिकेला दुसऱ्या प्रवासात कळते. ज्या समजुतीच्या पायावर आपण एक पुस्तक लिहिले, छापले, वाचकांच्या हाती दिले, तो पाया हलला असता सामान्य लेखक गप्प बसला असता. मीरो यांनी दुसरे पुस्तक लिहून पहिले दुरुस्त केले. आपल्याला सोडून दिले म्हणजे नाकारले, असे नव्हते. मागे एक कुटुंब होते, मृत्यू होता, दारिद्र्य होते आणि त्यातून काढलेली एक वाट होती. एवढेच नव्हे, तर गावाकडे राहिलेली एक सख्खी बहीण होती आणि तिचेही नाव आशाच होते.

येथे कृतज्ञतेची परीक्षा होते. कथा बदलली म्हणून आभार खोटे ठरतात का? लेखिकेचे उत्तर असे दिसते, की बार्सिलोनाच्या आईवडिलांविषयीचा भाव तसूभरही उणा होत नाही, मात्र आभाराच्या यादीत आता नवी नावे येतात. जन्मदात्या बापाचाही त्यात समावेश होतो. प्रश्न विचारल्याने कृतज्ञता आटत नाही, उलट तिला खरा पत्ता सापडतो, हे या दुसऱ्या भागाने दाखविले आहे. कर्णाला जे जमले नाही, किंवा त्याच्या काळाने जे जमू दिले नाही, ते येथे एका शिक्षिकेने साध्या शब्दांत केले आहे.

पुस्तकाच्या नावाविषयी एक शंका मराठी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. नाशिक जिल्ह्यातील मुलगी गंगेची कन्या कशी? परदेशी वाचकाला ‘गंगा’ हा शब्द परिचित आणि ‘गोदावरी’ अपरिचित, असा व्यापारी हिशेब त्यात असेलही. पण नाशिककडचा माणूस गोदावरीलाच ‘गंगा’ म्हणतो, गोदाकाठी जाण्याला ‘गंगेवर जाणे’ म्हणतो, हे आठवले की तक्रार मावळते. नाव अजाणताही बरोबर पडावे, असा हा योग आहे.

आता उणिवांविषयी. दुसऱ्या आशेचे चित्र या पुस्तकात पुरेसे उभे राहत नाही. भेटीचा प्रसंग हृद्य आहे. परंतु आपण सारे काही धाकटीच्या डोळ्यांनी पाहतो. गावात राहिलेली, शेतीमातीत संसार केलेली थोरली बहीण काय मनात बाळगून होती? एकीला वाट मिळाली आणि एकीला मिळाली नाही, या गोष्टीकडे तिने कसे पाहिले? एकाच घरातील दोन मुलींमध्ये दैवाने जी वाटणी केली, तिच्यापुढे ‘कृतज्ञता’ हा शब्द लटपटतो. आणि नेमक्या त्या जागी लेखिका थोड्या लवकर पुढे सरकतात. याचे एक कारण भाषेचे आहे. मुंबईच्या अनाथालयातील ही मुलगी मराठी बोलत होती. बार्सिलोनात ती भाषा पुसली गेली. दोन सख्ख्या बहिणी समोरासमोर आल्या, तेव्हा मध्ये दुभाषी लागला. दुभाष्यातून प्रश्न जातात, उत्तरे येतात. पण बहिणी-बहिणींतील अर्धवट वाक्ये, टोमणे, रुसवे काही येत नाहीत. पुस्तकातील ही उणीव खरे पाहता त्या तुटलेल्या भाषेची खूण आहे, असे मला वाटते.

लेखिकेलाही ती जाणवली असावी, असे मानण्यास जागा आहे. त्यांनी पुढे आना सोलेर-पोंत यांच्यासह लिहिलेल्या कादंबरीवरून मारिया रिपोल यांनी २०१४ मध्ये चित्रपट केला. त्यात नंदिता दास यांनी मुंबईत नावारूपाला आलेल्या थोरल्या बहिणीची भूमिका केली आहे. तेथे शोध घेते ती भारतात राहिलेली थोरली. बार्सिलोनातील धाकटीला आपण दत्तक आहोत हेच ठाऊक नसते. आत्मकथनात जी बहीण गप्प होती, तिला कल्पनेच्या आधाराने शोधाचा हक्क मिळाला. हे प्रायश्चित्त नसेल, पण त्याच्या जवळचे काहीतरी आहे.

याच संदर्भात शिल्पी सोमय्या गौडा यांच्या ‘सीक्रेट डॉटर’ (२०१०) या इंग्रजी कादंबरीचा उल्लेख करणे योग्य होईल. डहाणूकडील एका खेड्यात जन्मलेली मुलगी मुंबईच्या अनाथालयातून अमेरिकेत जाते. आईने ठेवलेले ‘उषा’ हे नाव अनाथालयाच्या दप्तरी ‘आशा’ होते. कादंबरी वाचनीय आहे, वाढविणाऱ्या आईच्या मनातील असुरक्षितता तिने चांगली टिपली आहे. मात्र तेथील नायिका जन्मदात्यांच्या दारापाशी येऊन परत फिरते आणि एक पत्र ठेवून जाते. कृतज्ञतेचा निकाल लावण्यासाठी लेखिकेला ते सोयीचे पडते. मीरो यांना ती सोय नव्हती. त्यांनी दार ठोठावले आणि आत जे होते ते स्वीकारले. कादंबरी आणि आत्मकथन यांतील हा फरक वाङ्मयप्रकाराचा तर आहेच, पण धैर्याचाही आहे.

आज कायदा बराच पुढे आला आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमान्वये दत्तक मूल सर्वार्थाने त्या घरचे मूल ठरते. अठरा वर्षांनंतर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी त्याला रीतसर अर्जही करता येतो, जन्मदात्यांच्या गोपनीयतेची मर्यादा सांभाळून. पण अर्ज करण्यापूर्वी घरात विचारता आले पाहिजे, आणि ते कोणताही अधिनियम घडवू शकत नाही. आपल्या परिसरातील घरांतही आता वंशासाठी नव्हे, तर मुलासाठी दत्तक घेणारी जोडपी दिसू लागली आहेत. ‘मुलाला सांगावे की न सांगावे’ हा त्यांच्यापुढील प्रश्न आहे आणि सांगितल्यास ते दुरावेल ही भीती आहे. आपण स्वतः मात्र कोणत्या गावाहून आलो, मूळ कुलदैवत कोणते, कोणत्या पिढीत कोणी स्थलांतर केले, हे अभिमानाने सांगत असतो. जे मूळ आपल्याला इतके प्रिय, ते त्या लेकराने विचारले तर त्यात कृतघ्नता कसली?

अशा घरांतील वडीलधाऱ्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. विशेषतः रोजनिशीची पाने आणि त्यानंतर दोन बहिणींच्या भेटीचा भाग, या क्रमाने. पहिल्यात मुलीला आपले म्हणणारी आई आहे. दुसऱ्यात एकाच नावाच्या दोन स्त्रिया दुभाष्याची वाट पाहत एकमेकींकडे बघत बसल्या आहेत. त्या आईच्या घरात प्रश्न विचारण्याला मज्जाव असता, तर ही भेट झालीच नसती.