एक-दशांश सेकंदाची अर्धी गोष्ट

संगणक आणि गणित यांची सांगड घालणाऱ्या लेखनात एक गोष्ट हमखास भेटते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, इराकने सोडलेले स्कड क्षेपणास्त्र सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडले आणि २८ जण ठार झाले. तिथे तैनात असलेल्या ‘पेट्रियट’ या क्षेपणास्त्रभेदी यंत्रणेने त्यावर एकही अस्त्र सोडले नाही. का? तर १/१० ही संख्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही म्हणून! वर्ग अवाक होतो. गोष्ट आम्हांलाही आवडते, पण ती सांगण्याच्या पद्धतीबद्दल आमची तक्रार आहे.

आधी तिच्यातला खरा भाग. दशमान पद्धतीत १/३ लिहिताना ०.३३३... असे कुठेतरी थांबावे लागते. द्विमान पद्धतीत तीच गत १/१० ची होते, कारण १० मध्ये ५ हा अवयव आहे. पेट्रियटचे घड्याळ सेकंदाचे दशांश पूर्णांकात मोजी. ही मोजणी अचूकच होती. तिचे सेकंद करण्यासाठी ०.१ ने गुणावे लागे, आणि हा ०.१ चोवीस बिटांत बसवण्यासाठी कापलेला होता. कापलेला तुकडा सुमारे ०.०००००००९५ इतका. यंत्रणा १०० तासांहून अधिक काळ सलग चालू होती. १०० तास म्हणजे ३६ लाख दशांश. गुणाकार मुलांकडून करून घ्यावा, उत्तर ०.३४ सेकंद येते. रडारला लक्ष्य एकदा दिसले की पुढच्या क्षणी ते कुठे असेल याचा अंदाज बांधून यंत्रणा तेवढ्याच पट्ट्यात शोध घेते. अमेरिकेच्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने फेब्रुवारी १९९२ च्या अहवालात दिलेल्या तक्त्यानुसार १०० तासांनी हा पट्टा ६८७ मीटर सरकतो. स्कड येत होते, पण पाहिले जात होते भलतीकडेच.

आता चौकस विद्यार्थी विचारील: घड्याळ मागे पडले तर पडो, अंदाजासाठी लागतो तो दोन वेळांमधला फरक. दोन्ही वेळा सारख्याच चुकलेल्या असतील तर वजाबाकीत चूक नाहीशी व्हायला नको का? शाळेचे घड्याळ पाच मिनिटे मागे असले तरी तास पस्तीस मिनिटांचाच भरतो. शंका अगदी रास्त आहे, आणि ही गोष्ट सांगणारे बहुधा तिच्या वाटेला जात नाहीत. रॉबर्ट स्कील यांनी १९९२ मध्येच ‘सियाम न्यूज’मध्ये तिचा उलगडा केला होता. पेट्रियट मुळात विमानांसारख्या लक्ष्यांसाठी बनवलेली. स्कडच्या वेगासाठी प्रोग्राम सुधारताना वेळेचे अधिक अचूक रूपांतर करणारा भाग त्यात घातला गेला, पण आवश्यक त्या प्रत्येक ठिकाणी नाही. त्यामुळे वजाबाकीतली एक वेळ सुधारलेली, दुसरी जुनीच. म्हणजे जो तो बिचाऱ्या १/१० ला दोष देतो, पण चूक उरली ती अर्धवट दुरुस्तीमुळे.

त्याच अहवालातील एक तपशील तर गोष्टीतून नेहमीच गळतो. आठ तासांत पट्टा वीस टक्के सरकतो, ही माहिती इस्रायलकडून ११ फेब्रुवारीलाच मिळाली होती. २१ तारखेला पेट्रियट वापरणाऱ्यांना संदेश गेला की, यंत्रणा ‘फार वेळ’ चालवल्यास असे होऊ शकते. फार वेळ म्हणजे किती तास, हे लिहिलेच नाही. इतका वेळ कुणी ती चालवणार नाही, असे धरून चालले होते. बंद करून पुन्हा सुरू केली असती तर घड्याळ शून्यावर आले असते. त्याला मिनिट-दीड मिनिट लागते. सुधारित प्रोग्राम धाहरानला पोचला २६ तारखेला. एकक न लिहिणाऱ्या मुलाचे आपण गुण कापतो. वर्गात रेंगाळायचे तर इथे रेंगाळावे.

पण आमचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की, घड्याळ बिनचूक असते तर स्कड पाडले गेलेच असते. जिथे पेट्रियट वेळेवर सुटली तिथे काय झाले? १५ फेब्रुवारीला अध्यक्ष थोरले बुश यांनी पेट्रियटच्या कारखान्यात ४२ पैकी ४१ स्कड अडवल्याचे सांगितले होते. सप्टेंबर १९९२ मध्ये त्याच जनरल अकाउंटिंग ऑफिसने लिहिले की, स्फोटकाग्र नष्ट झाल्याचा भक्कम पुरावा सुमारे ९ टक्के प्रसंगांतच आहे. (भक्कम पुरावा नाही म्हणजे घडलेच नाही असे नव्हे, हेही मुलांना सांगावे.) एमआयटीचे थिओडोर पोस्टोल यांनी दूरदर्शनवरील चित्रफिती तपासून यश त्याहूनही कमी असल्याचे मत मांडले.

कारण समजायला सोपे आहे. पल्ला वाढवण्यासाठी इराकने स्कडची लांबी वाढवली होती. वातावरणात परतताना ती मोडत आणि गिरक्या घेत खाली येत. तेव्हाची पेट्रियट लक्ष्यावर थेट आदळत नसे. जवळ जाऊन फुटे आणि धातूचे तुकडे उधळी. दोघांचा परस्परांकडे येण्याचा वेग सेकंदाला काही किलोमीटर. फुटायला सेकंदाचा हजारावा भाग उशीर झाला तरी तुकडे काही मीटर मागे, म्हणजे टोकाकडील स्फोटकाऐवजी रिकाम्या इंधनटाकीत घुसणार. आकाशात झगझगाट होई, स्फोटक मात्र खाली येई. पुढे आलेली पीएसी-३ ही आवृत्ती थेट आदळते, तिचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

मग ‘अडवले’ याचा अर्थ काय? १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे लष्करी अधिकाऱ्याने तो सांगितला: पेट्रियट आणि स्कड यांचे मार्ग आकाशात एकमेकांना छेदून गेले. एकाच फाट्यावरून सकाळी आणि संध्याकाळी जाणाऱ्या दोन एसटी गाड्यांचेही मार्ग छेदतातच.