‘फरक दिसला नाही’ म्हणजे ‘सारखंच’ का? लेझर-फिलिंगचे पेपर वाचताना

दातात सिमेंट भरलं, असं आमच्याकडे वांगणीत अजूनही म्हणतात. प्रत्यक्षात आता बहुतेकदा भरतात ते दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट. निळ्या प्रकाशाने कडक होताना ते थोडं आकसतं, साधारण २ ते ३ टक्के. मग कडेला बारीक फट राहू शकते आणि तिच्यातून लाळ, जिवाणू आत शिरतात. हेच मायक्रोलीकेज. १९५५ साली ब्युनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरखरीत करून पकड वाढवली. त्या आम्लाऐवजी २९४० नॅनोमीटरचा एर्बियम-याग लेझर चालेल का, यावर ढीगभर पेपर आहेत.

साचा ठरलेला. काढलेले दात घ्या, मानेजवळ खाच करा, निम्म्यांना आम्ल, निम्म्यांना लेझर. फिलिंग झालं की ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटूनपालटून ५०० वेळा बुडवा. मग मेथिलीन ब्लूमध्ये ठेवा, दात उभा कापा, रंग किती आत गेला त्याला ० ते ३ गुण द्या.

आणि निष्कर्ष? दोन गटांत लक्षणीय फरक नाही, म्हणून लेझर हा आम्लाला पर्याय आहे. माझं भांडण या ‘म्हणून’शी आहे. गटात १०-१२ दात आणि गुणांच्या चारच पायऱ्या असतील, तर फक्त मोठा फरकच पकडीत येणार. छोटा असला तरी निसटणार. सारखेपणाच सिद्ध करायचा असेल तर किती फरक चालवून घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि दातांची संख्या त्यावरून काढावी लागते. ‘सँपल साइज’चा परिच्छेद आधी शोधा, बाकी पेपर नंतर.

त्या ५०० फेऱ्यांचंही बघा. तोंडातलं एक वर्ष म्हणजे सुमारे १०,००० फेऱ्या, असा एक अंदाज वापरला जातो (तोही ढोबळच). त्या हिशोबाने आपली परीक्षा १८ दिवसांची! स्टेशनबाहेरच्या चहाची सवय असलेल्या माणसाला फिलिंग वर्षानुवर्षं टिकायला हवं असतं.

इनॅमलकडची कड आणि हिरडीकडची कड यांचे गुण एकत्र केले असतील तर जास्तच सावध व्हा. हिरडीकडे बहुधा डेंटिन असतं. लेझरने तिथला भुशाचा थर उडतो, नलिका उघड्या पडतात, मायक्रोस्कोपखाली फोटो झकास येतो. पण उष्णतेने खालचं कोलॅजन बिघडू शकतं आणि तिथेच चिकटपणा कमी पडतो. फोटोत हे दिसत नाही.

रंगाची चाचणी टाकाऊ नाही, पहिली चाळणी म्हणून ठीक. तिच्यावरून दवाखान्यात काय करावं हे ठरवणं मला पटत नाही. त्यासाठी एकाच रुग्णाच्या दोन दातांवर दोन पद्धती, कुठे काय केलंय हे ठाऊक नसलेला तपासनीस आणि निदान दोन वर्षं हवीत. शिवाय आम्लाची सिरिंज काहीशे रुपयांत येते, लेझर लाखांत. गावातल्या डॉक्टरांनी तो घ्यावा असं सुचवायचं, तर ‘आम्लाइतकाच चांगला’ एवढं पुरणार नाही. तो आम्लाहून चांगला निघायला हवा.