‘चाकाची खुर्ची’ आणि ‘जिद्द’ हा शब्द

नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाविषयी बोलणे निघाले की ‘जिद्द’ हा शब्द येतो आणि चर्चा तिथेच थांबते. पोलिओने अधू झालेल्या पायाचा मी एक शिक्षक आहे. हा शब्द मी लहानपणापासून ऐकतो. तो उच्चारणाऱ्याला पुढे काहीच करावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

हुरजूक यांचा जन्म 1950 चा. सोळाव्या-सतराव्या वर्षी कमरेखालचे शरीर निकामी झाले. असे होते तेव्हा केवळ चालणे थांबत नाही. लघवी-शौचाचा ताबा जातो, संवेदना नसल्याने बसून बसून जखमा होतात. हसतमुखाचे कौतुक करणारा वाचक हे चटकन ओलांडतो. तो आणखीही एक गोष्ट ओलांडतो. हे मन एकटे उभे राहिलेले नाही. स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेले बाबूकाका दिवाण भेटले. केंद्रीय अबकारी खात्यात पगाराची नोकरी होती. पुढे 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ उभी राहिली आणि उचगावला ‘घरौंदा’ हे वसतिगृह झाले. माणूस, पगार आणि छप्पर यांचा हिशेब वगळून उरते ती जिद्द कुणाला पुरणार?

कोल्हापूरला हे नवे नाही. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्या पोरांत हुशारी आधीही होतीच. निजायला जागा आणि दोन वेळचे जेवण नव्हते. उचगावच्या वसतिगृहाकडे मी याच नजरेने पाहतो.

‘बलुतं’ 1978 साली आणि ‘उपरा’ 1980 साली आले, तेव्हाही ‘केवढे सोसले!’ म्हणत पांढरपेशा वाचकाने डोळे पुसले आणि आरोप बाजूला ठेवला. अस्पृश्यता आणि अपंगत्व एक नव्हे. जात माणसानेच केली. माझा पाय रोगाने गेला. पण पायरी माणसाने बांधली आहे.

मध्यंतरी एका संस्थेने मला ‘जिद्द’ याच विषयावर बोलायला बोलावले. सभागृह दुसऱ्या मजल्यावर. दोन विद्यार्थ्यांनी उचलून नेले, त्यांचे नाव घेऊन कौतुक झाले, टाळ्या पडल्या. मी आभार मानले. पायऱ्यांविषयी बोललो नाही. त्याची लाज अजून वाटते.

म्हणून ‘हेल्पर्स’ या नावापाशी मी अडखळतो. त्यात मदत करणारा पुढे आहे आणि ज्याचा हक्क तो मागे. नाव त्या काळाचे आहे, हे मान्य. अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा 1995 साली आला आणि 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले. त्यापूर्वी काम करणाऱ्यांना दात्याच्या दारातच उभे राहावे लागे. तरीही दलित आत्मकथनाने आभाराची भाषा सोडून हिशेबाची भाषा धरली, तशी ती इथेही यायला हवी होती असे मला वाटते.

आमच्या वाड्यातली अधू मुलगी दोन उंबरठ्यांवर अडते. एक जातीचा, एक दगडाचा. तिने स्वतः लिहिलेले पुस्तक मला वाचायचे आहे. आणि ते येईपर्यंत ‘चाकाची खुर्ची’ मी वर्गात वाचून दाखवतो, जखमांची पाने न गाळता.